पुलावरची मुलगी

सोमवार, ९ ऑगस्ट १९९९

इतिहासाच्या बाईंनी आज प्रकल्प दिला. कारगिलची लढाई नुकतीच संपली, त्यावरून त्यांना सुचलं असणार. "युद्ध स्वतः पाहिलेल्या माणसाशी बोला आणि लिहून आणा." लगेच निम्म्या वर्गाचे काका आणि मामा फौजेत निघाले. माझं कोणीच नाही. बाबा बँकेत आहेत. आई कॉम्प्युटर कंपनीत आहे. एक जानेवारीला जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वेड लागणार आहे म्हणे, ते लागू नये म्हणून ती रोज हडपसरला जाते आणि अर्धमेली होऊन परत येते. पण त्याला युद्ध म्हणत नाहीत.

मग मला सुमतीआजी आठवल्या. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. माझ्या सख्ख्या आजी नाहीत, पण शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडेच जेवते, कारण आईला यायला सात वाजतात. आजी मूळच्या हॉलंडच्या. नाना दामले तरुणपणी तिकडे पाण्याचं शास्त्र शिकायला गेले आणि येताना ह्यांना घेऊन आले. नाना खडकवासल्याला धरणांच्या छोट्या प्रतिकृती बनवून त्यांतून पाणी सोडून बघायचे. आता ते नाहीत. आजींचं खरं नाव सीत्स्के. ते सासूबाईंना म्हणता येईना, म्हणून सुमती झालं. आजी सुती साडी नेसतात, निळ्या डोळ्यांनी चष्म्यावरून बघतात आणि त्यांना 'ळ' म्हणता येत नाही. (मी इथे नीट लिहिणार आहे.) बाकी टोमणे अस्सल पेठेतले. दारावर पाटी आहे : "बेल एकदाच वाजवावी. ऐकू येतं."

मी विचारलं, "आजी, तुम्ही युद्ध पाहिलं असेल ना?"

"पाहिलं."

"मग मला सांगता? शाळेसाठी हवंय."

"शाळेसाठी सांगायला ते काय पाढे आहेत? आमटी गार होतेय."

संपली मुलाखत.


शनिवार, २१ ऑगस्ट

आजींना परवापासून ताप आहे. डॉक्टर म्हणाले फ्लू, गोळ्या द्या, कोणीतरी जवळ बसा. दुपारपर्यंत मालनबाई बसल्या. त्या आजींकडे धुणंभांडी करतात. मी गेले तर त्या दारातच उभ्या होत्या, तोंड पाडून.

"बघ बाई केतकी, इतकी वर्षं काम करते मी इथं. कधी वाकडा शब्द नाही. आणि आज सकाळपासनं मला शिव्या चालल्यात."

मी आत गेले. आजींचे डोळे मिटलेले, गाल लाल. तिकडच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होत्या आणि मधूनच स्पष्ट ऐकू यायचं : "साली... साली..."

मला हसू आलं, खोटं कशाला लिहू. मग आजींनी हात पुढे केला आणि माझ्या फ्रॉकची कड घट्ट धरली. हसू गेलं माझं. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिले. आई आली तेव्हा मालनबाईंना म्हणाली, "अहो, शिवी नाही ती. नाव असेल कोणाचं तरी."


बुधवार, २५ ऑगस्ट

ताप उतरला. आजी खुर्चीत बसून पेज पीत होत्या. मी सरळच विचारलं, "आजी, साली कोण?"

वाटी खाली ठेवली त्यांनी. मला वाटलं आता ओरडणार.

"कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. तापात."

"शनिवारी ये," त्या म्हणाल्या. "आणि वही आणू नकोस."


शनिवार, २८ ऑगस्ट

वही नेली नाही. घरी येऊन आठवेल तसं लिहीत आहे. शाळेसाठी नाही, माझ्यासाठी.

आजींचं गाव लहान, मधून कालवा. कालव्यावर उचलता येणारा पूल. खालून नाव जायची असली की आजींचे वडील चाक फिरवून पूल वर करायचे. तीच त्यांची नोकरी. पुलाशेजारीच घर.

जर्मनांनी देश घेतला तेव्हा आजी नऊ वर्षांच्या होत्या. पुलावर आडवा बांबू आला, बंदुका घेतलेले शिपाई आले. आणि मग त्यांनी गावातल्या ज्यू लोकांना न्यायला सुरुवात केली.

"कॅम्पातलं लाल देऊळ बघितलंयस ना? त्यात प्रार्थना करतात ते लोक. आमच्या वर्गात दोघी बहिणी होत्या. एका सोमवारी बाकावर नव्हत्या."

"कुठे न्यायचे?"

"गाडीत भरून पूर्वेकडे. परत कोणी येत नसे."

"पण त्यांनी केलं काय होतं?"

"ज्यू होते. तेवढंच."

आजी बाराच्या झाल्या तेव्हा त्यांच्या शाळेतल्या बाईंनी त्यांना एकटीला थांबवून घेतलं. बाईंच्या घरी माळ्यावर एक लहान मुलगा लपवलेला होता. चार वर्षांचा. आईवडिलांनी स्वतः आणून दिला होता, मग त्या दोघांना पकडलं. माळ्यावर आवाज करायचा नाही, पण त्याला डांग्या खोकला झाला आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जायला लागला. पलीकडच्या शेतावर एक शेतकरी त्याला ठेवून घ्यायला तयार होता, पण मध्ये पूल. मोठ्या माणसाबरोबर अनोळखी मूल दिसलं असतं, तर कागद मागितले असते. पूलवाल्याची मुलगी मात्र रोज त्या रस्त्याने दूध आणायला जायची. शिपाई तिला ओळखत होते.

"तुम्ही घरी विचारलंत?"

"नाही."

"बाबांनापण नाही?"

"माझे वडील भित्रे नव्हते. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. मला येत होतं."

त्या मुलाचं नाव साली, ऐकताच ज्यू कळेल असं. आजींनी त्याला शिकवलं, आज तुझं नाव पीट. कोणी विचारलं तर पीट. त्याला सायकलच्या मागे बसवलं. तेव्हा रबर मिळत नव्हतं, चाकाला बागेतल्या नळीचा तुकडा गुंडाळलेला, त्यामुळे सायकल धडाधड उडायची. तो मागून कोट धरून बसलेला. पुलावर नेहमीचा म्हातारा शिपाई होता. त्याने बांबू वर केला नाही.

"हा कोण?"

"मावसभाऊ."

शिपाई खाली वाकला. गालाला हात लावला. "नाव काय रे तुझं?"

इथे आजी थांबल्या.

"साली, म्हणाला. एकदम गोड आवाजात. मी हसले आणि म्हटलं, पीट म्हणायचंय त्याला, बोबडा आहे. शिपायाने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग बांबू वर केला. त्याला कळलं होतं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही."

शेतावर पोचल्यावर मुलगा आजींचा कोट सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. हेन्ड्रिक नावाचा शेतकरी आणि त्याची बायको, दोघांनी त्याला आत घेतलं. दार बंद झालं. आजी दूध घेऊन घरी आल्या.

आणि त्याच आठवड्यात जर्मनांनी त्या शेतावर छापा घातला. जे होते त्या सगळ्यांना घेऊन गेले.

"शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुझा दोष नाही. पण त्या रडत होत्या." आजी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या शिपायाने ऐकलं असणार, केतकी. त्याने ऐकलं, आणि मागे माणूस लावला असणार. मी त्याला नाव नीट शिकवलं असतं, तर."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला एवढंच सुचलं, "चहा करू?"

"कर," आजी म्हणाल्या. "आलं नको."


रविवार, २९ ऑगस्ट

आईला सगळं सांगितलं. आजींनी सांगू नको म्हटलं नव्हतं. आई भाजी चिरत होती, ती थांबली आणि ओल्या हातांनीच बसून राहिली.

मी गेले असते का त्या पुलावरून? सकाळपासून विचार करते आहे. मला पालीची भीती वाटते. कोणी मोठ्याने बोललं तर माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मी घरी सांगितलं असतं, आणि आईने मला जाऊ दिलं नसतं, आणि मला बरंच वाटलं असतं. असं लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

प्रकल्पासाठी समोरच्या बिल्डिंगमधल्या निवृत्त सुभेदारकाकांना विचारून आले. त्यांनी पासष्ट सालचं पुष्कळ सांगितलं, लाडूपण दिला.


शनिवार, ४ सप्टेंबर

मला एक युक्ती सुचली. आमच्याकडे जूनपासून इंटरनेट आहे. आई म्हणाली, युद्धात लपवलेली मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांची संघटना आहे, एकमेकांना शोधतात. तिथे विचारता येईल. एखाद्याने सालीबद्दल काही ऐकलं असेल.

धावत आजींकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"नको," त्या म्हणाल्या.

"पण आजी, कळेल तरी!"

"तेच नको."

"पण..."

"केतकी, घरी जा."

मला इतका राग आला. ज्या बाईने बंदुकीसमोर खोटं सांगितलं ती ई-मेलला घाबरते?


शुक्रवार, १० सप्टेंबर

आज मी वाईट वागणार होते. आई यायच्या आधी इंटरनेट लावलं, ते टुंई-खर्र-खर्र संपेपर्यंत थांबले आणि त्या संघटनेच्या पानावर इंग्रजीत अर्धा निरोप लिहिला. "I am searching a boy name Sali." मग पाठवायच्या बटणावर बाण नेला. आजी "नको" म्हणाल्या होत्या. पण त्यांना आनंद झाला असता तर? आणि झाला नसता तर?

तेवढ्यात बाबांनी आतल्या खोलीतून फोन उचलला आणि लाइन तुटली. "परत कोण बसलंय त्या डबड्यावर? मला जोशांना फोन करायचाय!"

मी कॉम्प्युटर बंद केला. बाबांचा इतका चांगला उपयोग याआधी कधी झाला नव्हता.

नंतर आईला सांगितलं. ती रागावली नाही. (आई आजींना काकू म्हणते.) म्हणाली, "काकूंना इतकी वर्षं निदान एक 'कदाचित' होतं, केतू. उत्तर आलं, की तेपण राहणार नाही. तो निर्णय आपला नाही." मला ते पूर्ण कळलं नाही.


गुरुवार, १६ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी. सकाळी आरती झाली आणि बेल वाजली. एकदाच. दारात आजी. आमच्याकडे त्या वर्षातून फार तर दोनदा येतात, जिना चढवत नाही म्हणून. हातात मोदकांचा डबा, कपाळावर घाम.

गणपतीला नमस्कार केला. आईला म्हणाल्या, "रुपाली, मोदक तुपाशिवाय खाऊ नका, कोरडे झालेत." मग माझ्याकडे वळल्या. "तुझं ते यंत्र चालू कर."

"आजी, तुम्ही तर नको म्हणालात."

"हो. आता हो म्हणतेय. अडुसष्ट वर्षांची आहे मी. आणखी किती नको म्हणणार?"

आईने त्यांना खुर्ची दिली. आजींनी स्वतःच टाइप केलं, एका बोटाने, तिकडच्या भाषेत. शब्द अडायला लागले की कपाळ चोळायच्या. गावाचं नाव, पूल, खोकला झालेला मुलगा, हेन्ड्रिकचं शेत, साली आणि पीट ही दोन्ही नावं. शेवटी आपलं नाव लिहिताना थांबल्या. मग 'सीत्स्के, पूलवाल्याची मुलगी' असं लिहिलं, असं त्यांनीच सांगितलं.

पाठवायचं बटण मी दाबू का म्हणून विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच दाबलं.


सोमवार, २७ सप्टेंबर

तीन उत्तरं आली. एक कॅनडातल्या बाईचं. त्यांना स्वतःचीच बहीण शोधायची आहे, तुम्हाला काही माहीत आहे का म्हणून विचारलंय. दुसरं नुसतं शुभेच्छांचं.

तिसरं एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. त्यांच्या माहितीत साली नावाचा एक मुलगा होता, त्याला त्याच सुमारास पकडून नेलं, तो परत आला नाही. आईने ते आधी वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. मी म्हटलं, आजींना दाखवू नकोस. आई म्हणाली, दाखवायलाच हवं.

आजींनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "हा दहा वर्षांचा होता. आमचा नाही."

मी म्हटलं, "हुश्श!"

आजींनी माझ्याकडे बघितलं. "आमचा नाही. कोणाचा तरी होता."

मग मला ते 'हुश्श' परत घ्यावंसं वाटलं.


बुधवार, ६ ऑक्टोबर

काही नाही. शाळेतून आल्यावर आजी विचारतात, "आज गणित होतं का?" म्हणजे उत्तर आलं का. मी म्हणते, "नव्हतं." मग आम्ही जेवतो. हल्ली आमटीत मीठ नसतं. मालनबाईंनी सांगून पाहिलं, तर आजी म्हणाल्या, "मीठ वरून घ्यायची सोय देवाने केलेली आहे."

प्रकल्पाला बाईंनी 'ठीक' असा शेरा दिला. असू दे.


रविवार, १७ ऑक्टोबर

कुठून सुरुवात करू! हात दुखेपर्यंत लिहिणार आहे.

जेवणं झाली आणि आईने ई-मेल उघडली. मारियाना नावाच्या बाईची होती, हॉलंडहून, इंग्रजीत. आई वाचत होती आणि वाचता वाचता उभीच राहिली. "केतू, काकूंना बोलाव. नको, थांब, आपणच जाऊ. नको, त्यांना इथेच आण, फोन इथला दिलाय." तिचं काहीच ठरेना. मी तोपर्यंत निम्मा जिना उतरले होते.

आजी आल्या. आईने त्यांना बसवलं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि मराठीत सांगत गेली. मारियानाच्या वडिलांचं नाव पीट. लहानपणी त्यांना सायकलवरून एका शेतावर पोचवलं होतं. खोकला इतका होता, की शेतकऱ्याच्या बायकोने त्याच संध्याकाळी त्यांना होडीतून आपल्या बहिणीकडे धाडलं. ते त्या शेतावर एक रात्रसुद्धा राहिले नाहीत. छापा पडला तेव्हा ते दुसऱ्या गावात, तिच्या बहिणीच्या घरी, गादीवर झोपलेले होते.

आजी हलल्या नाहीत. "छापा कशासाठी?"

"शेतावर काही तरुण मुलं लपलेली होती काकू, जर्मनीत मजुरीला न्यायचं चुकवून. दूधडेअरीतल्या एकाने चुगली केली होती. युद्धानंतर तो पकडला गेला, त्याने कबूल केलं. पुलावरच्या शिपायाचा त्यात काही संबंध नव्हता."

"परत सांग."

आईने परत सांगितलं.

"आणि नाव पीट?"

"हो. आईवडील परत आले नाहीत. शेतकऱ्याच्या बायकोच्या त्या बहिणीनेच वाढवलं. त्यांनी पीट हेच नाव ठेवलं. म्हणून साली नावाने शोधणाऱ्यांना ते सापडत नव्हते. त्यांनी तुम्हाला शोधलं होतं काकू, खूप वर्षांपूर्वी. गावात जाऊन विचारलं. लोक म्हणाले, पूलवाल्याची मुलगी हिंदुस्थानातल्या एका राजाशी लग्न करून गेली."

"राजा!" आजी म्हणाल्या. "अगं, लँब्रेटा स्कूटर होती आमच्याकडे. तीपण ढकलून चालू व्हायची." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या ते मला कळलंच नाही, कारण आवाज तोच होता.

चार वाजता फोन आला. आईनेच मारियानाला उलट लिहून कळवलं होतं. आजींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आधी नुसतं "या... या..." म्हणत होत्या. तिकडे 'हो'ला 'या' म्हणतात. मग काही बोलेचनात, एक हात भिंतीला टेकवून उभ्या. मी कान जवळ नेला, तर पलीकडूनही काही येत नव्हतं. लाइन तुटली वाटून मी बाबांकडे रागाने बघितलं. पण बाबा दारात उभे होते आणि चष्मा पुसत होते. मग एकदम आजी बोलायला लागल्या. भरभर, मोठ्याने, लहान मुलीसारख्या. त्यांचा तसा आवाज मी ऐकलाच नव्हता. इकडच्या आवाजात नेहमी थोडी काठी असते.

फोन ठेवल्यावर त्या आईकडे वळल्या आणि तिकडच्याच भाषेत लांबलचक काहीतरी सांगितलं. आईला एक शब्दही कळला नसणार. तरी ती म्हणाली, "हो काकू. हो." आणि त्यांना मिठी मारली.


सोमवार, १८ ऑक्टोबर

मोठी माणसं विचित्र असतात. काल एवढी आनंदाची बातमी आली, तर आज आजींनी काय करावं? घरातले सगळे पडदे काढून धुवायला टाकले. मालनबाई वैतागल्या, "दिवाळी आहे अजून लांब. आत्ताच काय हे?" आजी म्हणाल्या, "उजेड येऊ दे जरा." आमटीत मीठ बरोबर होतं.

जेवताना एकदम म्हणाल्या, "हेन्ड्रिक परत आला नाही. बायको आली. काल विचारलं मी पीटला." मग थोड्या वेळाने, "दार उघडताना तो आधी कुत्र्यांना गप्प करायचा. भला माणूस."

मी विचारलं, "आजी, मग त्या शिपायाने साली ऐकलं असेल का? ऐकून सोडून दिलं असेल?"

"असेलही."

"म्हणजे चांगला होता."

आजी ताटात बोट फिरवत राहिल्या. "तसं असेल तर मला त्याचे आभार मानायला हवेत. ते मला जमेल असं वाटत नाही. भात घे."


शनिवार, ६ नोव्हेंबर

दर रविवारी फोन येतो. आजींनी पीटआजोबांना कुरिअरने चकल्या पाठवल्या. पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला. त्यांनी तो चमच्याने सूपवर घालून खाल्ला आणि फारच छान मसाला आहे म्हणून कळवलं. आजी म्हणाल्या, "ह्या माणसासाठी मी बंदुकीसमोर उभी राहिले."

ते जानेवारीत इथे येणार आहेत!


शनिवार, १ जानेवारी २०००

जगातला एकही कॉम्प्युटर वेडा झाला नाही. आईला कंपनीने पेढे दिले. ती दिवसभर झोपली आहे.


शनिवार, ८ जानेवारी

पीटआजोबा आले. मुंबईहून टॅक्सीने. आजी सकाळपासून खाली फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, निळी इरकल नेसून. मी म्हटलं, "आजी, घाटात ट्रॅफिक असतं, वेळ लागेल." तर म्हणाल्या, "मला कुठे गाडी पकडायची आहे?"

टॅक्सीतून फार मोठा माणूस उतरला. टक्कल, लाल नाक, हातात टोपी. ते आयुष्यभर ट्रामगाड्या दुरुस्त करायचे. मला वाटलं होतं आता दोघं धावत येणार, गळ्यात पडणार. तसं काही झालं नाही. आजी उठल्या, पदर सारखा केला आणि हात पुढे केला. त्यांनीही हात पुढे केला. ऑफिसातल्यासारखं. मी इतकी निराश झाले.

फक्त, नंतर त्यांनी हात सोडलाच नाही. वॉचमनने बॅगा आत नेल्या, टॅक्सी वळून गेली, मालनबाई खिडकीतून डोकावून गेल्या, तरी ते दोघं तसेच फाटकात उभे. शेवटी आजी त्यांना म्हणाल्या, मराठीतच, "चला आता. ऊन लागेल."

त्यांना काय कळणार! पण ते चालायला लागले.


रविवार, ९ जानेवारी

दुपारी सगळे आजींकडे जेवलो. वरणभात, मटारची उसळ, श्रीखंड. पीटआजोबांनी श्रीखंड तीनदा घेतलं आणि मला त्यांच्या नातवाचे फोटो दाखवले. माझ्याएवढाच आहे, दात पुढे आहेत. जेवून आम्ही वर आलो. चारला आई म्हणाली, त्यांना चहाला बोलाव.

आजींचं दार लोटलेलं होतं. पीटआजोबा बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपले होते. दिवाण पुरत नव्हता, मोजे घातलेले पाय बाहेर लटकत होते. अंगावर आजींची शाल. उशाशी खुर्ची ओढून आजी बसल्या होत्या. हातात विणकाम नाही, पेपर नाही. नुसत्या बघत होत्या. मला वाटतं जेवणानंतर तिथून उठल्याच नव्हत्या. ओटा तसाच खरकटा होता, आणि आजींचा ओटा कधी खरकटा नसतो.

"आजी, आईने चहाला बोलावलंय."

"झोपलाय," त्या हळूच म्हणाल्या.

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. कोणीतरी आउट झालं आणि जोरात ओरडा झाला. आजी उठून गॅलरीत गेल्या. मला वाटलं आता पोरांची खैर नाही. पण त्यांनी नुसतं खाली बघितलं आणि परत येऊन बसल्या.

साठ वर्षांच्या माणसाला झोपलेलं बघण्यासारखं त्यात काय आहे, मला कळेना. त्यात पीटआजोबा घोरत होते. साधंसुधं नाही, काचा हलतील असं. मी तोंडावर हात ठेवला, तरी हसू फुटलंच.

"आजी, केवढ्याने घोरतात हे! खालच्या मुलांना ऐकू जाईल."

"जाऊ दे," आजी म्हणाल्या. त्यांनी शाल वर ओढून त्यांच्या खांद्यापर्यंत नेली. "घोरू दे त्याला. हवं तेवढ्या मोठ्याने घोरू दे."

मग मीही तिथेच जमिनीवर बसले. चहा आईला पुन्हा करावा लागला.